फिलाडेल्फियाहून परत आलेली तीन डझन बटणं

बाविसावं भोक बुजवून झालं होतं. तेविसाव्यासाठी मी टिश्यूचा तुकडा फाडत होते, तेवढ्यात मागून रूबीमावशी म्हणाल्या, "वसुधा, थांब जरा. काय चाललंय तुझं?"

"कीड लागलीय कागदाला. भोकं बुजवतेय."

त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लाइट बॉक्सच्या खालून उजळलेल्या काचेवर वाकल्या. मग म्हणाल्या, "कुठली गं ही कीड, इतकी रांगेत चालणारी?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू? सव्वीस वर्षं मी हे काम करते, आणि रूबीमावशी म्हणजे दर बुधवारी येऊन आमच्यासाठी कागदाच्या पुड्या करणाऱ्या व्हॉलंटियर. मी मास्तरणीच्या सुरात समजावलं. "मावशी, हा कागद चार पदरी घडी घालून ठेवलेला होता. कीड एका पदरात शिरली की चारही पदर पोखरते. घडी उलगडली की एका भोकाची चार भोकं होतात, आणि ती समोरासमोर येतात. म्हणून रांग दिसते."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाकून बोटानं मोजायला लागल्या.

त्या मोजतायत तोवर तुम्हाला बाकीचं सांगते.

मी पेपर कॉन्झर्व्हेटर आहे. बर्मिंगहॅमजवळच्या एका रेकॉर्ड ऑफिसच्या तळमजल्यावर माझा स्टुडिओ आहे. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे आपला दप्तरखाना. चर्चची रजिस्टरं, जुने नकाशे, बंद पडलेल्या कारखान्यांची खोकी, सगळं तिथे येतं. त्यातलं जे ओलं झालंय, कुजलंय किंवा उंदरानं खाल्लंय ते माझ्या टेबलावर. पुण्याचे नातेवाईक विचारतात, "म्हणजे लॅमिनेशन का गं?" मी हल्ली उत्तर देत नाही.

माझी मुख्य हत्यारं दोन, गव्हाची खळ आणि जपानी टिश्यू, म्हणजे तलम पण चिवट कागद. खळ अशासाठी की ती पाण्यानं सुटते. आमच्या कामाचा पहिला नियमच तो आहे, आज मी जे चिकटवलं ते उद्या दुसऱ्या कुणालाही काढता आलं पाहिजे. दुसरा नियम, कागदातून निघालेलं काहीही फेकायचं नाही. धूळ असो, केस असो, मेलेली माशी असो, छोट्या पुडीत घालायचं आणि वर नंबर टाकायचा. नवरा म्हणतो हा नियम मी घरच्या फ्रिजलाही लावते.

यंदा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीचशे वर्षं झाली. आमचे बॉस गॅरेथ मूळचे वेल्समधल्या कार्डिफचे. त्यांना इंग्रजांनी गमावलेल्या गोष्टींविषयी जरा जास्तच प्रेम आहे. त्यांनी प्रदर्शन काढलं. अमेरिका कुठे कुठे वळली ते दाखवायचं, पाच पॅनेल्स, प्रत्येक पॅनेलला आपल्या संग्रहातली एक खरी वस्तू. दुसरं पॅनेल बॉस्टनच्या बंदरात बुडवलेल्या चहाचं, तिसरं जाहीरनाम्याचं, चौथं सॅराटोगाचं, जिथे एक अख्खं ब्रिटिश सैन्य शरण गेलं आणि मग फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूनं उतरला, आणि पाचवं यॉर्कटाउनचं, जिथे लढाई संपल्यात जमा झाली. या चारांना काही ना काही मिळालं होतं. वर्तमानपत्रं, एका सैनिकाचं पत्र, एक नकाशा. पहिल्याला काहीच नव्हतं.

आणि पहिलं वळण माझ्या मते सगळ्यात मोठं. १७६५ साली लंडनच्या पार्लमेंटनं अमेरिकेतल्या वसाहतींवर कागदाचा कर बसवला. वर्तमानपत्र असो, खरेदीखत असो, पत्त्यांचा कॅट असो, त्यावर सरकारी शिक्का हवा आणि शिक्क्याचे पैसे भरायचे. स्टॅम्प ॲक्ट म्हणतात तो हा. तिथले लोक म्हणाले, तुमच्या पार्लमेंटमध्ये आमचा एक माणूस नाही, मग कर कसला? पण त्यांनी लगेच बंदुका उचलल्या नाहीत. दंगे झाले, शिक्के विकणाऱ्यांना पळवून लावलं, ते सगळं झालं. खरं कामाला आलं ते वेगळंच. विलायती माल घ्यायचा नाही, असं बंदरा-बंदरातल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं. बायकांनी चरखे काढले.

आपल्याला ही गोष्ट कुणी शिकवायला नको. माझ्या पणजोबांनी विलायती कोट होळीत टाकला होता आणि पुढचा अख्खा हिवाळा घोंगडीवर काढला होता. फरक इतकाच की मी आता विलायतेत बसले आहे आणि माल विकणाऱ्यांच्या बाजूचे कागद सांभाळते आहे. बर्मिंगहॅम तेव्हा खिळे, कुलपं, बकल्स, बटणं करायचं आणि त्यातलं बरंच जहाजानं अमेरिकेला जायचं. ऑर्डरी थांबल्या. शेवटी इथल्याच व्यापाऱ्यांनी पार्लमेंटला अर्ज केले की हा कायदा उठवा, नाहीतर आम्ही बुडालो. पुढच्या वर्षी कायदा उठला. एकत्र 'नको' म्हटलं की समोरच्याला ऐकावं लागतं, हे तिथल्या लोकांना तेव्हा कळलं. पुढची चार पॅनेल्स त्यातून आली.

आता तो कागद. तो आला मिस्टर हॅडलींच्या खोक्यातून. मिस्टर हॅडली चौऱ्याऐंशी वर्षांचे, एका जुन्या बटणांच्या कारखान्याचे शेवटचे मालक. कारखाना कधीच बंद झाला. आता गुडघे चालत नाहीत म्हणून मुलीकडे मेडनहेडला कायमचे निघाले होते आणि घरातली कागदपत्रं आम्हाला देऊन जात होते. त्यात हा एक मोठा ताव. मिस्टर हॅडलींच्या आजोबांच्याही आधी कधीतरी कालव्याचं पाणी कारखान्याच्या तळघरात शिरलं होतं, त्यात भिजलेला. पुढची बाजू कोरी, नुसती भोकं आणि हिरवट डाग. मागे पेन्सिलीनं दोन ओळी. पेन्सिल पाण्यात टिकते, शाई टिकत नाही. ओळींचा अर्थ असा की फिलाडेल्फियाहून परत आलं, तीन डझन. खाली साल, १७६६.

गॅरेथ तो ताव बघून खुर्चीतून उठलेच. पण मिस्टर हॅडलींचा चेहरा पडला.

"हे कशाला ठेवलंय वडिलांनी, कोण जाणे," ते म्हणाले. "आमचा माल खराब निघाला म्हणून अमेरिकेनं परत पाठवला होता. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यात नापास बटणं टाकायचा एक पत्र्याचा डबा होता. त्या डब्याचं नाव फिलाडेल्फिया. बटण वाकडं झालं, मुलामा उडाला, की फोरमन म्हणायचा, "फिलाडेल्फिया." कारखाना बंद होईपर्यंत हेच चाललं होतं. मिस्टर हॅडलींचे आजोबा म्हणायचे, त्यांचे वडील म्हणायचे, ते स्वतःही म्हणायचे.

"बहिष्कारामुळे परत आला असेल," गॅरेथ म्हणाले.

"पुरावा आहे?"

पुरावा नव्हता.

"मग ऐका," मिस्टर हॅडली म्हणाले. "पुरावा मिळाला तर खुशाल मांडा. नाही मिळाला तर आमचा खराब माल काचेखाली ठेवून लोकांना दाखवू नका. माझ्या वडिलांना चाललं नसतं आणि मलाही चालणार नाही. पुढच्या मंगळवारी मी सहीला येतो. त्यानंतर मी इथे नसेन."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण कागद परत देताना त्यांनी मागच्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचल्या. त्या माणसाला प्रदर्शनाचं काही पडलेलं नव्हतं. आपले लोक खराब माल विकणारे होते की नव्हते, एवढंच त्याला जाण्याआधी हवं होतं, आणि ते विचारायला तो लाजत होता. मला ते तिथल्या तिथे कळलं, आणि तरीही मी पुढे जे केलं ते केलं.

नियमाप्रमाणे कागद आला की आधी अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघायचा. आमचा दिवा त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर दुसऱ्या कामाला गेला होता. मी म्हटलं, कोरा तर आहे, कोऱ्यात काय बघायचंय? भोकांमुळे कागद फाटायला आलाय, तो आधी धरून ठेवू. भोकांत काळपट भुसा होता, तो किडीचा समजून चिमट्यानं काढला, पुड्यांत घातला आणि खळ कालवायला घेतली. हिरव्या डागांबद्दल रिपोर्टमध्ये लिहिलं, बहुधा पितळी टाचणीचे. ज्याला कीड म्हणजे काय ते माहीत नाही, त्याच्या हातून ही चूक झालीच नसती. माझं शिक्षणच मला नडलं.

आणि रूबीमावशी. त्या मुंबईच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून मुंबईला आलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. पन्नास वर्षांपूर्वी इथे आल्या. माझी त्यांची ओळख बसमध्ये झाली. पुढच्या सीटवर एक बाई फोनवर मुलाला चक्क मराठीत झापत होत्या, "तुला अक्कल कधी येणार रे?" मी खांद्यावर हात ठेवला आणि तेव्हापासून त्या माझ्या मावशी. शनिवारी त्या कुठे जात नाहीत, त्यांचा शब्बाथ असतो. बुधवार आमचा. आणि हॅडलींच्या त्याच कारखान्यात त्यांनी एकोणीस वर्षं कार्डिंगच्या बाकावर काढली होती. कार्डिंग म्हणजे तयार बटणं दुकानात पाठवण्यासाठी पुठ्ठ्याच्या कार्डावर लावणं. खोकं आलं त्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "ही माझी फॅक्टरी गं." मी "हो का?" म्हटलं आणि कामाला लागले.

तर रूबीमावशी मोजत होत्या.

"बहात्तर," त्या म्हणाल्या. "तू बुजवलेली धरून. दोन-दोनाच्या जोड्या आहेत बघ. छत्तीस जोड्या. मागे काय लिहिलंय म्हणालीस?"

"तीन डझन," मी म्हटलं, आणि बोलता बोलता माझा आवाज बारीक झाला.

त्यांनी खुंटीवरचा आपला कोट आणला आणि त्याचं पितळी बटण माझ्यासमोर उलटं केलं. "ही मागची कडी. हिला शँक म्हणतात. आम्ही काय करायचो, कार्डाला एक मोठं भोक पाडायचं, कडी पलीकडे काढायची, मागून एकच दोरा सगळ्या कड्यांतून ओढून घ्यायचा. एका बटणाला एक भोक. भराभर होतं. हे तसं नाही. इथे बटण कागदावर बसवलंय, सुई खालून वर काढून कडीतून घातलीय, परत खाली नेलीय, गाठ मारलीय आणि दोरा तोडलाय. मग दुसरं बटण. कोटाला लावतात तसं. कुठल्या फॅक्टरीत असं करत नाहीत, कुणाला वेळ आहे? हे घरी बसून कुणा बाईनं केलंय."

"बाईच कशावरून?"

"बरं, बुवानं केलं असेल. पण जीव लावून केलंय. एकही ओळ तिरकी नाही." मग चष्मा काढून पुसला. "आणि वसुधा, खराब माल असा कुणी परत पाठवत नाही. खराब माल पिशवीत कोंबतात आणि वर चार शिव्या लिहितात."

मी पुड्या उघडल्या. त्या पुड्याही रूबीमावशींनीच केलेल्या. पहिल्या पुडीतला भुसा मायक्रोस्कोपखाली धरला. कीड कुठे, काही कुठे. पीळ घातलेला दोरा होता, तुटलेली टोकं, एका टोकाला अर्धी गाठ. दुसऱ्या पुडीत तेच. तिसऱ्यात तेच. बावीस भोकं म्हणजे अकरा बटणं मी स्वच्छ करून, वरून टिश्यू लावून, नाहीशी केली होती. कुणीतरी अडीचशे वर्षांपूर्वी एकेक गाठ मारली आणि मी ती किडीच्या नावावर मांडली. मला फार वाईट वाटलं. मावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चल, चहा पिऊ." स्टुडिओत चहा चालत नाही, म्हणून बाहेर जिन्यात बसलो.

बसनं घरी जाताना माझ्या मनात काय आलं तेही सांगते. माझ्या रिटायरमेंटला पाच महिने होते. खळ सुटते, टिश्यू निघतो, दोन दिवसांत कागद होता तसा होईल. मावशी कुणाला सांगणार नाहीत. रेकॉर्डमध्ये न लिहिलं तर सव्वीस वर्षांचं काम डागाशिवाय पुरं होईल. दोन स्टॉप मी असा विचार केला. मग आठवलं की ही सगळी भानगड मुळात कुणीतरी अर्धवट लिहून ठेवल्यामुळे झाली आहे. त्या पहिल्या हॅडलीनं पेन्सिलीनं 'परत आलं' एवढंच लिहिलं. का ते लिहिलं नाही. नातवंडा-पतवंडांनी ती जागा आपल्या मनानं भरली.

सकाळी गॅरेथच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं.

"किती बुजवलीस?"

"बावीस."

"सुटतील?"

"सुटतील. पण रिपोर्टमध्ये लिहिणार आहे."

त्यांनी समोरची फाइल मिटली. "लिही. पण आधी उघड. आणि दोरा निघाला म्हणतेस? वॅस, अमेरिकेतल्या बायका तेव्हा घरी सूत कातत होत्या. हाच पुरावा."

वॅस म्हणजे मी. 'वसुधा' इथे कुणाला पेलत नाही.

"तेव्हा सगळ्याच बायका घरी सूत कातत होत्या," मी म्हटलं. "बर्मिंगहॅममध्येसुद्धा. जवसाच्या धाग्याचा जाडाभरडा दोरा आहे, एवढंच मी सांगू शकते. तो कुठला हे सांगू शकत नाही."

"तू फार त्रास देतेस."

"त्याचाच पगार देता मला."

गुरुवार-शुक्रवार मी भोकं उघडत होते. ओलसर टिपकागदाचा एवढासा तुकडा ठेवायचा, खळ फुगू द्यायची, टिश्यूचं एक टोक चिमट्यात धरून उचलायचं. घाई केली तर कागदाचा पापुद्रा बरोबर येतो. बावीसही तुकडे निघाले. कागदाला काही झालं नाही, पण माझी मान शनिवारभर वळत नव्हती.

सोमवारी मी वर जाऊन दिवा मागून आणला. खरं म्हणजे हिसकावून आणला. बुधवार नसताना रूबीमावशी आपणहून आल्या होत्या. गॅरेथही खाली आले. पडदे ओढले, दिवा लावला.

जुनी शाई लोखंडाची असते. पाण्यानं तिचा रंग धुऊन गेला तरी थोडा अंश कागदात मुरून राहतो. अल्ट्राव्हायोलेटखाली कागद निळसर चमकतो आणि जिथे शाई मुरलीय तिथे काळं दिसतं. सहा रांगा बटणांच्या होत्या आणि प्रत्येक दोन रांगांमध्ये अक्षर होतं. म्हणजे आधी पत्र लिहिलं आणि ओळींच्या मधल्या जागेत बटणं टाकली. निम्म्याहून जास्त गेलं होतं. सही तर अजिबात वाचता आली नाही. मी एकेक शब्द मोठ्यानं वाचत गेले आणि मावशींना मराठीत सांगत गेले.

लिहिणारा दुकानदार होता. मालात कसलीही खोट नाही, असं त्यानं अगदी सुरुवातीलाच म्हटलं होतं. पुढे, गावानं ठरवलंय, आणि एक शब्द गेलेला, आणि कायदा उठेपर्यंत. मग ओळभर काही नाही. शेवटच्या दोन रांगांमध्ये बरंच वाचता आलं. बायकोनं एकेक बटण शिवून लावलंय, प्रवासात एकमेकांवर घासून मुलामा जाऊ नये म्हणून. ही जपून ठेवा. कायदा उठला की हीच परत मागवू.

गॅरेथनी खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं.

रूबीमावशी अंधारातच म्हणाल्या, "बाईच होती बघ."

मला त्या माणसांचं इतकं कौतुक वाटलं की आजही ते सांगताना मी जरा गडबडते. माल नको म्हणून परत पाठवायचा, आणि तो करणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून छत्तीस गाठी मारत बसायचं. भांडण पार्लमेंटशी, बटण करणाऱ्याशी नाही, हे त्या दुकानदाराला आणि त्याच्या बायकोला स्वच्छ माहीत होतं. आपल्याकडेही असे लोक होऊन गेले. पण असे लोक कुठेही असले तरी थोडेच असतात. आणि तो पहिला हॅडलीही त्यांच्यातलाच म्हणायचा, कारण त्यानं बटणं काढून घेतली तरी कागद टाकला नाही.

मंगळवारी मिस्टर हॅडली आले. मुलीनं व्हीलचेअर ढकलत आणलं. मी वाचलेला मजकूर मोठ्या टायपात छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा वाचला, चष्मा सरळ केला, पुन्हा वाचला.

"मालात खोट नाही," ते म्हणाले. मला विचारत होते की स्वतःशी बोलत होते ते कळलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "आणि मला एक सांगायचंय. यातली अकरा बटणांची भोकं मी चुकून बुजवली होती. आता उघडली आहेत. रिपोर्टमध्ये लिहिलंय."

"कुठली अकरा?"

मी दाखवली. त्यांनी नाक लावून पाहिलं. "मला काही फरक दिसत नाही."

"मला दिसतो."

ते हसले. मग हसू गेलं. "मी चाळीस वर्षं त्या डब्याला फिलाडेल्फिया म्हणत आलो. पोरीबाळींच्या अंगावर ओरडलो. आमच्याबद्दल कुणी लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्र ते, आणि आम्ही त्याचं नाव कचऱ्याला दिलं."

रूबीमावशी कोपऱ्यात पुड्या करत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून मिस्टर हॅडली थांबले. "तुम्ही आमच्याकडे होतात. दुसऱ्या बाकावर."

"तिसऱ्या," मावशी इंग्रजीत म्हणाल्या.

"तुमचं एक कार्ड मी फिलाडेल्फियात टाकलं होतं."

"एक नाही, चार. पहिल्याच आठवड्यात. मला वाटायचं फिलाडेल्फिया म्हणजे वरचे कुणी साहेब आहेत, त्यांच्याकडे पाठवताय."

मिस्टर हॅडलींच्या मुलीला हसू आवरेना. ते स्वतः मात्र हसले नाहीत. "मिसेस नागावकर," ते म्हणाले, आणि त्यांना ते आडनाव इतक्या वर्षांनी नीट म्हणता आलं याचं मला नवल वाटलं, "ती चार कार्डं चांगली होती का?"

मावशींनी विचार केला. "दोन चांगली होती," त्या म्हणाल्या. "दोन नव्हती."

"मग दोन कार्डांबद्दल सॉरी," मिस्टर हॅडली म्हणाले, आणि त्यांनी सहीसाठी पेन मागितलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी येऊन एक पत्र्याचा डबा देऊन गेली. आत नापास बटणं, वर्षानुवर्षांची. रूबीमावशींनी तो टेबलावर ओतला आणि निवडायला बसल्या. एका सकाळी त्यांनी त्यातून छत्तीस चांगली काढून दाखवली. "फोरमन घाईत असायचा," एवढंच म्हणाल्या. मग मी तेवढ्याच मापाचा नवा कागद दिला आणि पुढचे तीन बुधवार त्यांनी ती बटणं एकेक करून शिवली, त्या बाईच्या पद्धतीनं, प्रत्येकाला वेगळी गाठ मारून. एकही ओळ तिरकी नाही. प्रदर्शनात आता पहिल्या पॅनेलखाली तीन गोष्टी आहेत. मधे तो जुना ताव, एका बाजूला मावशींचा, दुसऱ्या बाजूला उघडा, रिकामा डबा. शाळेची मुलं जाहीरनाम्याच्या पॅनेलपुढे फोटो काढतात आणि इथे येऊन बटणं मोजतात.

रिपोर्ट मी पूर्ण लिहिला. चूक काय झाली, का झाली, कशी काढली. शेवटी एक रकाना असतो, वस्तूची ओळख कुणी पटवली आणि त्यांची पात्रता काय. तिथे मी लिहिलं, मिसेस आर. नागावकर, कार्डिंगच्या बाकावर एकोणीस वर्षं. गॅरेथ म्हणाले, तिथे डिग्री लिहायची असते. मी म्हटलं, लिहिलीय की.

रिटायर होण्याआधी रिपोर्टच्या फॉर्ममध्ये मी एक नवा प्रश्न घालून घेतला आहे. दुरुस्तीला हात लावण्याआधी, अशा वस्तूंचं काम ज्यांनी स्वतःच्या हातानं केलंय त्यांना ती दाखवली का? हो किंवा नाही. हॅडलींच्या कागदाचा फॉर्म मी नव्या नमुन्यावर पुन्हा भरला. तिथे लिहिलं, दाखवली, पण बावीस भोकं बुजवल्यानंतर.